मोआलू देशाचा जाहीर सत्कार

महिला चारशे मीटर, प्राथमिक फेरी तिसरी, लेन सहा: मालिया तेवो, देश मोआलू. निकालाच्या रकान्यात वेळ नाही. तिथे तीन इंग्रजी अक्षरं आहेत, डीएनएस. म्हणजे खेळाडूने सुरुवातच केली नाही. मोआलू देशाने एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत भाग घेतल्याची ही पहिली नोंद, आणि नोंद अशी की भाग घेतला नाही.

आता हे झालंच नाही असं समजून पुढे वाचा. मी गेली सोळा वर्षं तसंच समजतोय. फारशी अडचण येत नाही.

"नारळ कशासाठी देतात?" फेतू सरांनी विचारलं.

क्रीडाग्रामच्या जेवणघरात आम्ही तिघं बसलो होतो. मालियाच्या शर्यतीच्या आदल्या दिवशीची दुपार. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी एका सत्काराला घेऊन जाणार होतो आणि सत्कार म्हणजे काय ते इंग्रजीतून समजावत होतो. शाल जमली होती. नारळावर गाडी अडली.

"मानाचा असतो, सर."

"आमच्याकडे तो डोक्यावर पडू नये म्हणून जपतात," सर म्हणाले. "पण इथली प्रथा असेल तर घ्यायलाच हवा."

मोआलू म्हणजे पॅसिफिकमधली आठ बेटं, माणसं अकरा हजार. पथक दोघांचं. मालिया, वय सतरा, धावणार होती. तिच्या शाळेतले गणिताचे शिक्षक फेतू सर बाकी सगळं होते: प्रशिक्षक, पथकप्रमुख, डॉक्टर, आणि उद्घाटनाला मालियाचा पाय मुरगळलाच तर झेंडा धरायला राखीव. मी त्यांचा पथक सहायक. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तीन विषय राहिले होते, आणि नाशिकच्या या स्पर्धेला स्वयंसेवक झालं की कॉलेजात हजेरी माफ होती. मला एक टोपी, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि एक साधा बटणांचा फोन मिळाला होता. वेळापत्रकातले बदल त्या फोनवर मेसेजने येणार आणि आलेल्या प्रत्येक मेसेजला मी 'मिळाला' असं उत्तर पाठवायचं, एवढंच माझं काम. एका माणसाला झेपेल असंच काम शोधून दिलं होतं.

"पण मी अजून धावलेच नाहीये," मालिया म्हणाली. "सत्कार कशाचा?"

हा प्रश्न मी सुधाकाकांनाही विचारला होता. सुधाकाका म्हणजे माझे सख्खे काका, गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचे सचिव. सोसायटीचा रौप्यमहोत्सव होता आणि त्यांना स्टेजवर बसवायला कोणीतरी आंतरराष्ट्रीय हवं होतं.

"धावल्यावर काय रे पश्या, कोणीही करेल," ते फोनवर म्हणाले होते. "धावायच्या आधी सत्कार करणारे आपणच."

"काका, दुपारी शर्यत आहे तिची."

"अरे मग दुपारी आहे ना? आपला कार्यक्रम साडेनऊला. साडेदहाला मोकळे. आणि ऐक, तुझाही करणार आहोत. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. आईला सांगून ठेव."

सोसायटीत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पहिलीपासून चौदा वर्षं मी त्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवायला जात होतो. टाळ्या वाजवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. समोरच्या बिल्डिंगमधल्या सानिका वैशंपायनचे सात सत्कार मी पाहिले, तिच्या धाकट्या भावाचे चार. प्रत्येक वेळी आई शेजारी बसून म्हणायची, "छान हो, छान." तिने मला कधी काही ऐकवलं नाही. तेवढंच एक जरा जड जायचं.

तर मी सरांना सांगितलं, इथली प्रथा आहे. सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मोठ्या पांढऱ्या तबकडीचं, सेकंदकाटा लाल. निघताना बेटावरच्या लोकांनी मिळून ते त्यांना दिलं होतं, कारण प्रशिक्षकाकडे घड्याळ असतं असं कोणीतरी पाहिलेलं होतं. मुंबईला उतरल्यावर त्यांनी ते विमानतळाच्या घड्याळाशी लावून घेतलं, आणि रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ क्रीडाग्रामच्या घड्याळाशी ताडून बघत. औषध घ्यावं तसं.

"शर्यत बारा वीसला," ते म्हणाले. "हजेरी कक्षात अकरा चाळीसला. तुमच्या घरापासून मैदान किती?"

"वीस-बावीस मिनिटं."

"म्हणजे अकरा दहाला निघालं तरी चालेल."

"साडेदहालाच निघू, सर."

मालिया काट्याने पापडाचे तुकडे करत होती. तिला शर्यतीची भीती नव्हती. तिला वळणाची उत्सुकता होती. मोआलूत धावायचा ट्रॅक नाही. विमानाची धावपट्टी आहे. विमान मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, बाकीचे पाच दिवस मालिया तिच्यावर धावते. धावपट्टी सरळ असते. या मुलीने सतरा वर्षांत धावताना एकही वळण घेतलं नव्हतं. इथे आल्यावर पहिल्या दिवशी ती वळणावर थेट बाहेर गेली आणि भालाफेकवाल्यांत शिरली. चार दिवसांत शिकली. शिकल्यावर माझ्याकडे धावत येऊन, प्रसन्नचं तिच्या पद्धतीने प्रासाना करत, म्हणाली, "प्रासाना, ते आपल्याला आत ओढतं! बघितलंस?"

ती शेवटची येणार होती. सरांनी गणित मांडून मला दाखवलंही होतं, किती मीटरने ते. "पण येणार," ते म्हणाले होते. "मोआलू, वेळ अमुक. तो कागद मला पोस्टात लावायचाय." बेटांवर रेडिओ एकच, तो पोस्टातूनच चालतो. फेरीच्या वेळी तिथे संध्याकाळ असणार, पोस्टासमोर चटया अंथरून लोक बसणार, सर मैदानातून माझ्या फोनवरून त्यांना फोन लावणार आणि शर्यत सांगणार. सहा दिवसांपासून ते खोलीत समालोचनाची तालीम करत होते. मी दाराबाहेरून ऐकली होती. शब्द कळत नव्हते, पण वळण कुठे आलं ते आवाजावरून कळायचं.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला आम्ही सोसायटीत पोचलो. फाटकावर फ्लेक्स: आंतरराष्ट्रीय धावपटू कु. मालिया तेवो यांचा जाहीर सत्कार. वर मोआलूचा झेंडा.

फेतू सर फ्लेक्ससमोर थांबले ते हलेनात.

"काय झालं, सर?"

"झेंडा बरोबर आहे," ते म्हणाले.

उद्घाटनाला मैदानावर तो उलटा चढला होता. निळा वर, पांढरा पक्षी पाठीवर. मला कळलंच नव्हतं. सरांना कळलं होतं, पण ते काही बोलले नव्हते. यजमानांना कसं वाटेल, म्हणाले. सुधाकाकांनी मात्र मला तीनदा फोन करून विचारलं होतं, "पश्या, पक्ष्याचे पाय खालीच ना? नक्की?" भारतात मोआलूचा झेंडा सरळ असलेली जागा एकच, आमची सोसायटी. सरांनी फ्लेक्सखाली उभं राहून काकांचे दोन्ही हात हातात घेतले. काका एकदम गहिवरले आणि गहिवरले की ते मराठीत बोलतात.

"तुम्ही आलात, आम्हाला सगळं पावलं," ते म्हणाले.

"काय म्हणतात?" सरांनी विचारलं.

"चहा घेणार का विचारतायत."

साडेनऊचा कार्यक्रम सुरू होईना, कारण नगरसेवक आले नव्हते. मालिया अंग मोकळं करायला बिल्डिंगभोवती धावू लागली. वॉचमनने शिट्टी वाजवली. कोपऱ्यावरचं एक वळण तिने असं घेतलं की गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या आणि टाळ्या वाजल्या. मोआलूच्या खेळाडूला भारतात मिळालेल्या टाळ्यांपैकी धावण्याबद्दलच्या त्या एवढ्याच.

दहा पंचवीसला नगरसेवक आले. दीपप्रज्वलन झालं. समईची वात तीनदा विझली, तेव्हा पंखे बंद करण्यात आले. निवृत्त मुख्याध्यापिका नाडगौडा मॅडम सूत्रसंचालन करत होत्या. त्यांनी पाहुण्यांची ओळख करून दिली, मग ज्यांची ओळख करून द्यायची राहिली त्यांची माफी मागितली, मग त्यांचीही करून दिली. स्टेजवर मी टोकाला. माझ्या डावीकडे फेतू सर, पलीकडे मालिया. आई तिसऱ्या रांगेत, नारायणपेठी नेसून.

सरांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. दहा एकेचाळीस.

"बराच वेळ आहे, सर."

"हो," ते म्हणाले. "अकरा दहा."

मालियाला शाल घातली. नारळ दिला. तिने तो दोन्ही हातांत धरून कानाशी हलवला, तेव्हा सभागृहात हसू फुटलं. सर तिच्या कानाशी काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" मी वाकून विचारलं.

"नारळ जुना आहे, पण तोंड हसरं ठेव," मालिया म्हणाली.

मग नगरसेवक बोलायला उठले. मोआलू आणि नाशिक यांचे संबंध फार प्राचीन आहेत, असं त्यांच्याकडून कळलं. ते बोलत असताना खिशातला फोन थरथरला. मी काढला, पाहिला, परत खिशात ठेवला. भाषण चालू असताना फोन बघणं बरं दिसत नाही.

नगरसेवक बसले. नाडगौडा मॅडम म्हणाल्या, "आणि आता आपल्याच सोसायटीचा सुपुत्र, ज्याच्या खांद्यावर एका संपूर्ण राष्ट्राची जबाबदारी आहे..."

मी उठलो. सुधाकाकांनी शाल घातली. फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला नाही.

"काका, परत," तो म्हणाला.

शाल काढली. परत घातली. फ्लॅश उडाला, पण तेव्हा काका त्याच्याकडे बघून ओरडत होते, "झालं का रे?" म्हणून तिसऱ्यांदा घातली. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आई टाळ्या वाजवत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत होती. शेजारची बाई तिला म्हणाली असावी, "छान हो, छान." कारण आईने मान हलवली.

अकरा पाचला आम्ही निघालो. आभारप्रदर्शन सोडून जाणाऱ्यांकडे लोक बघतात तसं लोकांनी बघितलं. वेळेच्या पाच मिनिटं आधीच निघतोय म्हणून सर खूश होते. गाडीत त्यांनी समालोचनाची शेवटची तालीम केली. मालियाने नारळ बुटांच्या पिशवीत घातला. मी चालकाला म्हणालो, "दादा, जरा जोरात घ्या." तो म्हणाला, "घाई आहे का?" मी म्हणालो, "नाही."

अकरा सत्तावीसला हजेरी कक्षाचं दार बंद होतं. दारात यादीचा पुठ्ठा धरून एक बाई उभ्या होत्या, राजवाडे नावाची पट्टी लावलेल्या.

"मोआलू? सात मिनिटांपूर्वी बंद केलं. तिसरी फेरी अकरा चाळीसला आहे."

"बारा वीसला," सर म्हणाले.

"उन्हामुळे सगळ्या फेऱ्या चाळीस मिनिटं आधी घेतल्यात. सगळ्या पथकांना संदेश गेलाय." त्यांनी पुठ्ठ्यावरचा कागद उलटला. "दहा बावन्न. बाकी सगळ्यांची पोच आली, तुमची तेवढी आली नाही. मी म्हटलं, छोटं पथक, रस्त्यात असतील." मग त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "मिळाला नाही का रे तुला?"

माझ्या खांद्यावर शाल होती अजून.

"नाही," मी म्हणालो.

"असं कसं? बघ बरं फोन."

मी खिशात हात घातला. तेवढ्यात फेतू सर मध्ये आले. त्यांनी मनगट पुढे केलं आणि सावकाश, वर्गात सांगावं तसं म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. माझं घड्याळ मागे पडतं. या मुलाचा काही संबंध नाही."

राजवाडे बाईंनी घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचं पाहिलं. दोन्हींत अकरा अठ्ठावीस झाले होते. त्यांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर लिहिलं. मला उलटं वाचता येतं, कॉपी करण्याच्या दिवसांतलं कौशल्य. संदेश मिळाला नाही; प्रशिक्षकाचे घड्याळ सदोष.

मालिया बूट घालून बसली होती. नाडी बांधून झाली होती. तिने नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

फेरी आम्ही कठड्याला टेकून पाहिली. सात मुली. लेन सहामध्ये नुसते सुरुवातीचे ठोकळे, कोणी पाय न ठेवलेले. बंदूक वाजली. वळणावर सातही जणी एकदम आत कलल्या आणि त्यांच्यामधून सहावी लेन रिकामी फिरून गेली.

"पाचवी फार आत जातेय," मालिया म्हणाली. तिचं बरोबर होतं. पाचवीला शेवटी बाद ठरवलं.

सरांनी माझ्यापुढे हात केला. "फोन."

मोआलूत लोक चटयांवर बसले होते.

फोन देण्याआधी मी एक मेसेज पुसला. त्या फोनवर मेसेज पुसायला चार बटणं दाबावी लागायची, आणि शेवटी तो विचारायचा, नक्की पुसू? या सगळ्या वेळात सरांचा हात माझ्यापुढे तसाच होता, आणि ते दुसरीकडे बघत होते. दुसरीकडे लांब उडीचा हौद होता. त्यात कोणी नव्हतं.

स्टेजवर ते माझ्या शेजारीच बसले होते. हे मी आधी सांगितलंय.

त्यांनी फोन लावला आणि बोलू लागले. तालमीत ऐकलेला आवाज नव्हता तो. त्यात कुठे वळण नव्हतं.

"काय सांगतायत?" मी मालियाला विचारलं.

"सांगतायत, इथल्या लोकांनी आमचा मोठा मान केला. झेंडा सरळ लावला होता." ती ऐकत राहिली. "आणि सांगतायत, त्यांचं घड्याळ मागे पडलं म्हणून मी धावले नाही."

फोनमधून बारीक, खूप लांबचा गलका येत होता.

"लोक काय म्हणतायत?"

"हसतायत," मालिया म्हणाली. "घड्याळ त्यांनीच दिलंय ना."

मग ती माझ्याकडे वळली. "प्रासाना, ते घड्याळ मागे पडत नाही."

"हो का?" मी म्हणालो.

त्यानंतर तीन दिवस ते दोघं इथे होते. ती दोनशे मीटरला का नव्हती, म्हणून मी विचारलं, तर नाव एकाच शर्यतीला दिलं होतं. सर पूर्वीसारखेच माझ्याशी बोलायचे. जेवताना पापड पुढे करायचे. हेच मला सगळ्यात कठीण गेलं, आणि म्हणून शेवटच्या दिवशी मी पोट बिघडल्याचं सांगून जेवायला गेलो नाही. सर स्वयंसेवकांच्या खोलीवर औषध घेऊन आले. डॉक्टर तेच होते.

विमानतळाच्या बसपाशी मालियाने पिशवीतून नारळ काढून मला दिला. "परदेशातली फळं आमच्याकडे नेऊ देत नाहीत," ती म्हणाली. सरांनी हात मिळवला. घड्याळ मनगटावर नव्हतं, बॅगेत ठेवलं असावं. मी "सर," म्हणालो. ते थांबले. पुरेसे थांबले, घाई केली नाही त्यांनी.

"सर, सामान नीट मोजून घ्या," मी म्हणालो.

आईने त्या नारळाच्या वड्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या. मी चार खाल्ल्या.

सन्मानचिन्ह आमच्या टीव्हीवर असतं. येणाऱ्याला आई दाखवते. "एका देशाची जबाबदारी होती ह्याच्यावर," म्हणते. गेल्या वर्षी सुधाकाका गेले. त्यांच्या कपाटात फ्लेक्सची घडी निघाली, पक्ष्याचे पाय खाली. ती पाहिल्यावर मी अर्ज लिहिला. पत्ता शोधला, तर स्पर्धेची समिती पंधरा वर्षांपूर्वीच बरखास्त झालेली. कार्यालयाच्या जागी आता मोटारींचं दालन आहे. अर्ज खाली देतो.

*

प्रति,
मा. सचिव, निकाल समिती (बरखास्त),

विषय: दि. १४ ऑक्टोबर रोजीच्या संदेशाची पोच देणेबाबत.

महोदय,

उपरोक्त दिवशी सकाळी १० वाजून ५२ मिनिटांनी पाठवलेला आपला संदेश मला त्याच मिनिटाला मिळाला व मी तो वाचला. तेव्हा निघालो असतो तर ११ वाजून १५ मिनिटांनी पोचलो असतो. माझी शाल व्हायची होती, सबब थांबलो. पोच देण्यास झालेला सोळा वर्षांचा विलंब कृपया क्षमापित करावा.

तरी विनंती की, आपल्या दप्तरातील 'प्रशिक्षकाचे घड्याळ सदोष' ही नोंद रद्द करून तसे मोआलू येथील पोस्टात, तेथील संध्याकाळी, लोक चटयांवर बसलेले असताना, रेडिओवरून कळवावे. आणि महिला चारशे मीटरची तिसरी फेरी पुन्हा घेण्यात यावी. इतर सात खेळाडू उपलब्ध नसल्यास हरकत नाही. एक वळण पुरे.

आपला विश्वासू,
प्रसन्न दिघे
पथक सहायक, मोआलू